अपग्रेड सगळेच शिकवतात, डाउनग्रेड कोणी शिकवत नाही

हेडफोन लावून ऐकताय की बसमध्ये उभं राहून हे वाचताय, माहीत नाही. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे संपूर्ण बोलणं इथे लिहून दिलंय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘अं... अं...’ काढून टाकलेत.

आजचा विषय जरा पडद्यामागचा आहे. स्टोरेज नेटवर्कमधल्या स्विचचं सॉफ्टवेअर नवीन व्हर्जनवर कसं नेतात आणि गरज पडली तर परत जुन्या व्हर्जनवर कसं आणतात. घाबरू नका, आपण फोनपासून सुरुवात करू.

तुमच्या फोनवर अपडेट येतं, तुम्ही ‘टुनाइट’ दाबून झोपता. सकाळी उठता तर फोन नवीन व्हर्जनवर. हे इतकं निवांत कसं होतं? गूगलने २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ मध्ये एक पद्धत आणली. फोनमध्ये सिस्टिमसाठी दोन जागा ठेवायच्या, ए आणि बी. तुम्ही ए वर चालत असता तेव्हा अपडेट गुपचूप बी वर लिहिलं जातं. मग एकदा रीस्टार्ट, आणि फोन बी वरून उठतो. बी नीट उठलाच नाही तर फोन परत ए वर जातो. सगळ्या फोनमध्ये ही पद्धत नाही, पण बऱ्याच फोनमध्ये आहे.

आता एक प्रश्न. अपडेट नीट झालं, तुम्ही दहा दिवस फोन वापरला, आणि मग वाटलं की जुनंच बरं होतं. जाता येतं का मागे? जवळजवळ नाही. कारण सिस्टिमच्या जागा दोन असल्या तरी तुमचा डेटा एकाच जागी आहे. फोटो, चॅट, ॲपच्या फाइली, सगळं. दहा दिवसांत नव्या सिस्टिमने त्या डेटाला आपल्या पद्धतीने हात लावलेला असतो. जुन्या सिस्टिमला तो वाचता येईलच असं नाही. म्हणून तर ॲपसुद्धा नव्या व्हर्जनवर जुनं व्हर्जन साधेपणाने बसू देत नाही.

हे डोक्यात ठेवा. आजचा सगळा भाग यावरच आहे.

हे स्विच असतात कुठे?

तुम्ही यूपीआयने वडापावचे पैसे देता, किंवा हॉस्पिटलमध्ये रक्ताचा रिपोर्ट स्क्रीनवर बघता, तेव्हा ती माहिती कुठल्यातरी सर्व्हरवर चाललेली असते. पण मोठ्या ठिकाणी सर्व्हरच्या पोटात डिस्क नसतात, किंवा असल्या तरी महत्त्वाचा डेटा त्यात नसतो. डेटा असतो वेगळ्या स्टोरेजमध्ये. सर्व्हर आणि स्टोरेज यांच्या मध्ये जे खास नेटवर्क असतं त्याला सॅन म्हणतात, म्हणजे स्टोरेज एरिया नेटवर्क. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात जी डेटा सेंटर दिसतात ना बाहेरून काचेच्या गोदामासारखी, तसल्या इमारतींच्या आत हे नेटवर्क चालतं.

हे नेटवर्क बहुतेक ठिकाणी फायबर चॅनलवर चालतं. आपल्या घरच्या वायफायमध्ये पॅकेट हरवलं तर परत पाठवलं जातं, आपल्याला कळतही नाही. फायबर चॅनलमध्ये मुळात पॅकेट हरवूच द्यायचं नाही असा नियम आहे. समोरच्याकडे जागा आहे हे आधी कळतं, मगच पाठवणारा पाठवतो. याला बफर क्रेडिट म्हणतात. म्हणजे रेशनच्या दुकानात आधी टोकन घ्यायचं, मग रांगेत यायचं, तसं. टोकन नाही तर हलायचं नाही.

आणि डिस्कची वाट बघण्यालाही मर्यादा आहे. लिनक्समध्ये डिस्कला दिलेल्या आदेशाचं उत्तर साधारण ३० सेकंदांत आलं नाही तर सिस्टिम गडबड समजते आणि सावरायचे प्रयत्न सुरू करते. तेही जमलं नाही तर डेटाबेस बसतो. वेबसाइट दोन मिनिटं बंद पडली तर लोक शिव्या देतात आणि विसरतात. डिस्क दोन मिनिटं गायब झाली तर पुढचे चार तास डेटाबेस सावरण्यात जातात.

म्हणून सॅन नेहमी दोन बांधतात. फॅब्रिक ए आणि फॅब्रिक बी. दोन्हींचे स्विच वेगळे, केबल वेगळ्या, एकमेकांशी जोडलेलेही नाहीत. प्रत्येक सर्व्हरची एक वायर ए मध्ये, एक बी मध्ये. सर्व्हरवर मल्टिपाथ नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते दोन्ही वाटांनी काम करतं आणि एक वाट बंद झाली की सगळं दुसरीवर ढकलतं. डोंबिवलीहून स्लो आणि फास्ट अशा दोन्ही लाइन असतात तसंच. एक बंद पडली तर गर्दी होते, पण माणूस पोहोचतो.

अपग्रेड होतं कसं?

या बाजारात मुख्य नावं दोन. एक ब्रोकेड, जी २०१७ मध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतली. तिच्या स्विचवर फॅब्रिक ओएस चालते. दुसरी सिस्को, तिचे एमडीएस स्विच, त्यांच्यावर एनएक्स-ओएस.

दोन्हीकडे मूळ युक्ती एकच. स्विचचे दोन भाग समजा. एक विचार करणारा, म्हणजे कंट्रोल प्लेन. कोण लॉगिन झालं, कोणाला कोणाशी बोलायची परवानगी आहे, रस्ता कुठून, हे तो ठरवतो. दुसरा राबणारा, म्हणजे डेटा प्लेन. तो चिपमध्ये आहे, एकदा रस्ता कळला की डोळे मिटून फ्रेम पुढे ढकलतो. अपग्रेडमध्ये विचार करणाऱ्याला झोपवून नवीन सॉफ्टवेअरने उठवतात. तेवढा वेळ राबणारा जुन्या सूचनांवर काम करत राहतो. ट्रॅफिक थांबत नाही.

ब्रोकेडच्या लहान स्विचमध्ये फोनसारख्याच दोन जागा आहेत. फर्मवेअरडाउनलोड ही कमांड दिली की नवीन सॉफ्टवेअर रिकाम्या जागी लिहिलं जातं, कंट्रोल प्लेन तिथून उठतो, आणि सगळं ठीक असेल तर तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या जागीही लिहिलं जातं. या शेवटच्या पायरीला कमिट म्हणतात. कमिट झालं की दोन्ही जागी नवीन व्हर्जन. जुनं स्विचवर राहिलंच नाही.

सिस्कोमध्ये इन्स्टॉल ऑल ही कमांड. मोठ्या डायरेक्टर स्विचमध्ये दोन सुपरवायझर कार्ड असतात. आधी राखीव कार्ड नवीन व्हर्जनवर जातं, मग ते सूत्रं हातात घेतं, मग जुनं कार्ड नवीन होतं, आणि शेवटी एकेक लाइन कार्ड. लहान स्विचमध्ये सुपरवायझर एकच. तिथे कंट्रोल प्लेन थोडा वेळ खरंच गप्प असतो. किती वेळ चालतं? ८० सेकंदांच्या आत उठायला हवं. ८० च का? कारण शेजारचे स्विच दर २० सेकंदांनी एकमेकांना ‘आहेस ना?’ विचारतात, आणि ८० सेकंद उत्तर आलं नाही तर शेजारी मेला असं धरून रस्ते बदलतात. त्या ८० सेकंदांत नवीन सर्व्हर लॉगिन होऊ शकत नाही, झोनिंग बदलता येत नाही. म्हणून अपग्रेड चालू असताना त्या फॅब्रिकमध्ये कोणी केबलला हात लावायचा नाही. कोणीही.

आणखी एक नियम. जिना चढताना पायऱ्या गाळायच्या नाहीत. फॅब्रिक ओएस ८.२ वर आहात आणि ९.१ ला जायचंय, तर आधी ९.० आणि मग ९.१. मध्ये उडी मारायचा प्रयत्न केला तर एकतर स्विच नाही म्हणतो, किंवा पूर्ण रीबूट होतो, म्हणजे त्या बाजूचं ट्रॅफिक बंद. कुठून कुठे जाता येतं हे रिलीज नोट्समध्ये लिहिलेलं असतं. रिलीज नोट्स हा जगातला सगळ्यात कमी वाचला जाणारा उपयोगी मजकूर आहे. वाचा.

आता खरा विषय, मागे येणं

अपग्रेडच्या आधी आपण चेंज रिक्वेस्ट भरतो. त्यात एक रकाना असतो, ‘रोलबॅक प्लॅन’. मी गेल्या काही वर्षांत जेवढ्या चेंज रिक्वेस्ट वाचल्या त्यातल्या बहुतेकांत तिथे एकच ओळ असते. ‘अडचण आल्यास जुन्या व्हर्जनवर परत जाऊ.’ झालं. फॉर्म भरला, मंजुरी मिळाली.

माझं म्हणणं असं की ही ओळ प्लॅन नाही. सत्यनारायणाच्या पूजेत सुपारी ठेवतात तशी ती ठेवलेली असते. डाउनग्रेड हा उलटा चालवलेला अपग्रेड नाही. का, ते चार कारणांत सांगते.

पहिलं कारण, कॉन्फिगरेशन. नवीन सॉफ्टवेअरला जुन्या काळचं कॉन्फिगरेशन माहीत असतं, कारण ते लिहिणाऱ्यांनी जुनं पाहिलेलं असतं. जुन्या सॉफ्टवेअरला नवीन फीचर माहीत असणं शक्यच नाही. म्हणून खाली येण्याआधी नवीन व्हर्जनमधलं जे काही तुम्ही चालू केलंय ते बंद करावं लागतं. सिस्कोमध्ये शो इनकम्पॅटिबिलिटी अशी कमांड आहे. जुन्या इमेजचं नाव दिलं की ती यादी देते, हे हे आधी काढा. ब्रोकेडमध्ये फर्मवेअरडाउनलोड स्वतःच तपासतं आणि अडवतं. पण विचार करा, ही यादी तुम्ही पहिल्यांदा कधी वाचताय? रात्री साडेतीनला, कॉलवर अठरा माणसं असताना? ती आधीच वाचायला हवी होती ना.

दुसरं कारण, हार्डवेअर. प्रत्येक मॉडेलला एक किमान व्हर्जन असतं. ब्रोकेडचा जी७२० हा ६४ गीगाबिटच्या पिढीचा स्विच फॅब्रिक ओएस ९.० बरोबरच आला. त्याला ८.२ वर नेताच येत नाही, त्याच्यासाठी ८.२ अस्तित्वातच नाही. उलट १६ गीगाबिटच्या पिढीचा ६५१० हा स्विच ८.२ च्या पुढे जात नाही. एकाच फॅब्रिकमध्ये दोन्ही असतील तर दोघांची व्हर्जन कायम वेगळी राहणार, आणि ‘सगळे जुन्यावर आणू’ हे वाक्य तिथे निरर्थक आहे. डायरेक्टरमध्ये मध्यंतरी नवीन लाइन कार्ड बसवलं असेल तरी हाच घोळ. जुन्या व्हर्जनला ते कार्ड ओळखता येत नाही.

तिसरं कारण, पायऱ्या. वर जाताना दोन पायऱ्यांनी गेलात तर खाली येतानाही दोन. प्रत्येक पायरीला कंट्रोल प्लेनचा रीस्टार्ट, प्रत्येक पायरीला तपासणी. चेंज विंडो मात्र तुम्ही फक्त वर जाण्यापुरती मागितलेली असते. रात्री एक ते चार. तीन वाजता कळलं की मागे यायचंय, तर चारपर्यंत कसं होणार?

चौथं कारण, वेळ. आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अपग्रेडनंतर वीस मिनिटांनी मागे येणं आणि दहा दिवसांनी मागे येणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रोकेडमध्ये ऑटो-कमिट बंद ठेवून अपग्रेड करता येतं. मग जुनं व्हर्जन दुसऱ्या जागी शाबूत असतं, आणि फर्मवेअररिस्टोअर दिलं की स्विच रीबूट होऊन जुन्यावर येतो. पण दहा दिवसांनी? कमिट झालेलं असतं. या दहा दिवसांत सहा नवीन सर्व्हर जोडले गेले असतात, झोनिंग बदललेलं असतं.

मग कोणीतरी म्हणतं, अपग्रेडच्या आधीचा कॉन्फिग बॅकअप आहे ना, तोच टाकूया. टाका. पहिली गोष्ट, ब्रोकेडमध्ये बॅकअप परत टाकायला साधारणपणे स्विच डिसेबल करावा लागतो. सिस्कोमध्ये सगळं पुसून रीलोड करून जुनं कॉन्फिगरेशन चढवावं लागतं. दोन्हींत त्या बाजूचं ट्रॅफिक बंद. दुसरी गोष्ट, त्या बॅकअपमध्ये ते सहा सर्व्हर नाहीतच. तिसरी गोष्ट, शेजारच्या स्विचकडे नवीन झोनिंग आहे, तुमच्याकडे जुनं. एकाच नावाच्या झोनमध्ये इकडे एक मजकूर, तिकडे दुसरा. दोघांचं जुळत नाही म्हणून मधली लिंकच तुटते. एका फॅब्रिकचे दोन तुकडे. आला होतात एक बग घालवायला.

एक रात्र, जेव्हा काहीच झालं नाही

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते. कंपनीचं, क्लायंटचं नाव नको. एका हॉस्पिटलची सिस्टिम होती, लॅबचे रिपोर्ट आणि वॉर्डमधल्या औषधांच्या ऑर्डर त्यावर चालायच्या. त्या रात्री फॅब्रिक ए अपग्रेड करायचं होतं.

अपग्रेडच्या आधीची तपासणी चालू होती. माझं काम साधं होतं. दोन्ही फॅब्रिकवर लॉगिन झालेल्या पोर्टची यादी काढायची आणि शेजारी शेजारी ठेवून बघायची. प्रत्येक सर्व्हर दोन्हीकडे दिसायला हवा. एक सर्व्हर बी मध्ये दिसेना. त्या सर्व्हरवर मल्टिपाथची स्थिती बघितली, चार वाटा हव्या होत्या, दोनच चालू. दोन्ही ए च्या. बी बाजू कधीची मेलेली होती, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सगळं चालत होतं.

ॲप्लिकेशन टीमचे मॅनेजर कॉलवर होते. ते म्हणाले, “अहो, एकच तर सर्व्हर आहे. आणि तुम्हीच सांगता ना, अपग्रेडमध्ये ट्रॅफिक थांबत नाही म्हणून?”

आमचे लीड सर शांतपणे म्हणाले, “थांबत नाही, बरोबर. पण थांबलंच तर काय, असं कोणी विचारलं की आपण म्हणतो दुसरी बाजू आहे. या सर्व्हरला दुसरी बाजू नाही. मग मी काय सांगू?”

कोणीतरी सुचवलं, मग आज ए सोडा, बी करा. तर मंजुरी ए ची होती. शिवाय बी बाजू का मेली हेच कळलेलं नव्हतं. दोष सर्व्हरकडे असेल, केबलमध्ये असेल, किंवा बी च्या स्विचच्या पोर्टमध्येही असेल. मग सरांनी विचारलं, “अपग्रेड अर्धवट फसलं तर मागे यायला किती वेळ?” मी हिशोब सांगितला, रीबूट आणि तपासणी धरून. ते म्हणाले, “तेवढा वेळ वॉर्डमध्ये औषधाची ऑर्डर दिसणार नाही. चालेल का, हे तिथल्या ड्यूटी इन्चार्जला विचारा. ते हो म्हणाले तर करतो.”

विचारलं. सिस्टर इन्चार्जने एका वाक्यात नाही म्हटलं.

चेंज रद्द झाला. पहाटे दोनला. लोक वैतागले. पंधरा दिवस आधी मागितलेली विंडो वाया गेली, अहवालात लाल खूण आली. दुसऱ्या दिवशी कळलं की सर्व्हरच्या बाजूचा एसएफपी, म्हणजे केबल जिथे बसते तो छोटा मॉड्यूल, खराब होता. बदलला. चार वाटा दिसल्या. पुढच्या आठवड्यात ए अपग्रेड झालं, काही दिवस वाट बघून बी पण झालं. कोणालाही काहीही कळलं नाही. टाळ्या वगैरे तर अजिबात नाही.

पण मला त्या रात्री एक गोष्ट पक्की कळली. रोलबॅक प्लॅन म्हणजे कमांडची यादी नाही. ‘मागे येताना कोणाचं काय, किती वेळ थांबेल, आणि त्या माणसाला हे मान्य आहे का?’ याचं उत्तर म्हणजे रोलबॅक प्लॅन.

मग अपग्रेड करूच नये का?

काही जण म्हणतात, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? मला हे पटत नाही. सुरक्षेच्या त्रुटी बाहेर येतात, जुन्या व्हर्जनचा सपोर्ट संपतो, नवीन स्टोरेज घेतलं तर त्याची कंपनी विशिष्ट व्हर्जन मागते. चार वर्षं हात न लावलेल्या स्विचला मग पाच पायऱ्या एकदम चढाव्या लागतात, आणि ती रात्र फार वाईट असते. नियमित, छोट्या पायऱ्या बऱ्या.

फक्त जाताना परतीचं बघून जा. तुम्ही या कामात नवीन असाल तर एवढं करा.

एक, ए आणि बी एकाच रात्री कधीच नाही. आमच्याकडे मध्ये निदान काही दिवस जाऊ देतात. नवीन व्हर्जनमध्ये काही खोट असेल तर ती एकाच बाजूला कळते, आणि दुसरी बाजू अजून जुन्या, माहितीतल्या व्हर्जनवर असते. खरं सांगू का? अपग्रेड न केलेली ती दुसरी बाजू हाच तुमच्याकडचा सगळ्यात चांगला रोलबॅक आहे.

दोन, सुरू करण्याआधी प्रत्येक सर्व्हरच्या वाटा मोजा, आणि संपल्यावर परत मोजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. ‘सगळं ठीक दिसतंय’ हा आकडा नव्हे.

तीन, अपग्रेड झाल्यावर ठरावीक दिवस नवीन फीचर चालू करू नका. फीचर चालू केलं की परतीच्या वाटेवर तुम्हीच एक कुलूप लावता. त्या काळात झोनिंगमध्ये बदल झालाच तर नवा बॅकअप घ्या.

चार, जुनी इमेज फाइल हाताशी ठेवा, आणि सिस्को असेल तर इनकम्पॅटिबिलिटीची तपासणी दिवसाउजेडी, चहा पिताना करून बघा.

पाच, चेंज रिक्वेस्टमध्ये एक वेळ लिहा. ‘२.४५ पर्यंत वाटा परत आल्या नाहीत तर मागे फिरायचं.’ आणि ते ठरवणार कोण, त्याचं नाव लिहा. नाहीतर पहाटे तीनला प्रत्येकजण म्हणतो, अजून दहा मिनिटं बघूया.

तर मंडळी, तुमच्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना गृहपाठ. उद्या ऑफिसमध्ये तुमची शेवटची चेंज रिक्वेस्ट उघडा, कुठल्याही सिस्टिमची. रोलबॅकच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, आणि स्वतःला विचारा, हे खरंच करता येईल का? जे आयटीत नाहीत त्यांनी निदान फोनचा बॅकअप घ्या, अपडेट दाबायच्या आधी.

पुढच्या भागात झोनिंगबद्दल बोलू, कोणाला कोणाशी बोलू द्यायचं हे नेटवर्क कसं ठरवतं. तोपर्यंत प्रश्न पाठवा, ऑफिसच्या ग्रुपवर हा भाग ढकला. भेटू. काळजी घ्या!